सावंतवाडीची खेळणी आणि त्यामागचं संस्थान

गोव्याला जाताना सावंतवाडीत थांबून लाकडी फळं घेणारे खूप जण आहेत, आंबा, केळी, मिरची, अगदी खरी वाटावीत अशी रंगवलेली, पण ही कला इथंच का रुजली हे कळायला गावाचा इतिहास बघावा लागतो.

सावंत भोसल्यांची गादी आधी ओटवण्याला होती, मग चराठ्याच्या हद्दीत सुंदरवाडी वसली, आणि सावंतांची वाडी म्हणून पुढे सावंतवाडी. आताचा राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला म्हणजे 18व्या शतकातला. त्याच सुमाराला तेलंगणातून धर्मचर्चेसाठी आलेल्या पंडितांनी गंजिफा आणि लाखकाम, म्हणजे लाकडी वस्तूंवर लाखेचे रंग चढवायची कला, सोबत आणलं असं सांगतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते, हातानं रंगवलेले. दशावतारी संचात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकाचे 12, असे 120 पत्ते. कोकणात दशावतारी नाटकं रात्रभर बघणाऱ्या माणसाला वेगळं काही समजावून सांगायलाच नको. रंगवणारे चितारी, त्यांची वस्ती ती चितारआळी, नाव आजपण तेच आहे.

1838 मध्ये इंग्रजांनी कारभार हातात घेतला, 1874 मध्ये मोती तलाव बांधला गेला, आणि आज संध्याकाळी अर्धं गाव तिथंच फिरायला नाहीतर कट्ट्यावर गप्पा मारायला असतं. लोकांच्या तोंडी राजा म्हणजे मात्र पाचवे खेम सावंत, बापूसाहेब महाराज. 1924 ते 1937 एवढीच कारकीर्द, पण साधेपणा असा की लोक त्यांना रामराजा म्हणायचे आणि गांधीजींनी पण त्यांच्या कारभाराचं कौतुक केलं होतं. माझ्या मते गावाला राजघराण्याबद्दल अजून जो जिव्हाळा आहे त्याचं मूळ इथं आहे.

1948 मध्ये संस्थान विलीन झालं, गाव रत्नागिरी जिल्ह्यात गेलं, 1981 मध्ये सिंधुदुर्ग वेगळा झाला पण मुख्यालय ओरोसला. छापील पत्ते आले तसं गंजिफाचं गिऱ्हाईक आधीच आटलं होतं, कला जवळजवळ संपलीच होती. तेव्हा शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी यांनी म्हाताऱ्या चिताऱ्याकडे बसून ती स्वतः शिकून घेतली आणि 1970च्या दशकात राजवाड्यातच कारागीर बसवून काम सुरू केलं. राजघराण्यातल्या माणसांनी कारागिरापुढे शिकाऊ म्हणून बसायचं ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. राणीसाहेब 2018 मध्ये गेल्या.

चितारआळीतल्या दुकानांतली खेळणी मात्र वेगळी, ती राजवाड्याची नव्हेत, तिथल्या घराघरांतली. लाकूड बहुतेक पांगाऱ्याचं, वजनाला हलकं, कातायला मऊ. भातुकलीचा सेट घेताना जरा हातात धरून बघा आणि भाव करताना फार ओढून धरू नका, एकेका नगाला कातणं, घासणं आणि रंगाचे थर देणं असं सगळं हातानंच करावं लागतं.