अंजनेरीच्या माथ्यावरून पुढे कुठे?

पावसाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या अंजनेरी डोंगराच्या पठारावर कातळाच्या सांदीतल्या मूठभर मातीत एक नाजूक झाड फुलतं. सेरोपेजिया अंजनेरिका हे त्याचं शास्त्रीय नाव. खर्चुडीच्या गोतावळ्यातलं हे कंदीलपुष्प 2006 साली नवी प्रजाती म्हणून नोंदवलं गेलं.

या गटातल्या फुलांची करामत बघण्यासारखी असते. वर पाकळ्यांचा कंदील, मध्ये अरुंद नळी आणि तळाशी फुगीर खोली. वासाला भुलून बारीक माशी नळीत शिरते. नळीतल्या केसांची टोकं आतल्या बाजूला वळलेली, त्यामुळे आत जाता येतं, परतता येत नाही. तिच्या अंगाला परागपुंज चिकटतात आणि केस कोमेजले की ती सुटते. पाऊस सरला की वरचं झाड वाळतं, कंद तेवढा मातीत जिवंत राहतो. ती माती एकदा खरवडली गेली, की पुढच्या पावसात उगवायला काही उरत नाही.

डोंगर चढताना दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटतं. म्हणजे हवामान एका अंशाने तापलं, तर पूर्वीचाच गारवा मिळायला जवळजवळ दीडशे मीटर वर सरकावं लागेल. अंजनेरीचा माथा सुमारे 1300 मीटर. त्याच्या वर आभाळच.

जिल्ह्यात याहून उंच माथे आहेत. सातमाळा डोंगररांगेत धोडप, बागलाणात 1567 मीटरचा साल्हेर. कंदीलपुष्पाच्या बियांना रेशमी तंतूंचा झुबका असतो, वारा त्यांना नेतो. पण एका उडीत साल्हेर गाठता येत नाही. मध्ये रुजायला कातळ हवा, गवत हवं आणि परागीभवनाला त्या माश्याही हव्यात. अशा जागा अजून शिल्लक आहेत: नाशिकच्या उत्तरेचा बोरगड डोंगर, वनखात्याच्या टेकड्या, गावोगावची गायरानं.

बोरगड 2008 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झालं, अंजनेरी 2017 मध्ये. वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद सरकारी जमिनीसाठी आहे. मला ती मोलाची वाटते, पण अंजनेरीचं क्षेत्र सहा चौरस किलोमीटरसुद्धा नाही. दोन राखीव तुकड्यांमधल्या जमिनीवर प्लॉट पडले, रस्ते फुटले, तर तापत्या हवेत त्या तुकड्यांतली झाडं तिथेच कोंडली जातील. प्रस्तावित अंजनेरी–ब्रह्मगिरी रोपवेला नाशिकच्या निसर्गप्रेमींनी विरोध केला, तोही इथला अधिवास मोडेल या काळजीने.

पाऊसही बदलला आहे. मध्य भारतात 1950 ते 2015 दरम्यान व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. कातळावरची पातळ माती गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली असते. उतार फोडला की अशा पावसात ती वाहून जाते.

आणि इथे झाडं लावणं हा उपाय नव्हे, हे आवर्जून सांगायला हवं. उघड्या पठारावर ग्लिरिसिडियासारखं झपाट्याने वाढणारं परदेशी झाड लावलं, की सावलीने गवत मरतं आणि कंदीलपुष्पही.

गायरानांच्या बाजूने कायदा आहे. 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणं हटवून त्या ग्रामपंचायतींना परत द्यायला राज्यांना सांगितलं. 2027 च्या सिंहस्थासाठी त्र्यंबक परिसरात बांधकामं वाढतील. त्याआधी त्र्यंबक आणि दिंडोरी तालुक्यांतली गायरानं, कातळ आणि टेकड्या एका नकाशावर आणाव्यात आणि त्यांना जोडणारे पट्टे ग्रामसभांच्या ठरावाने राखून ठेवावेत.