एमसीएफ-७ की एमडीए-एमबी-२३१? हार्मोनचा परिणाम बघताना दोन्ही का लागतात

लॅबमधे नवीन आलेलं कोणी ना कोणी हे विचारतंच, दोन्ही ब्रेस्ट कॅन्सरच्याच पेशी ना, मग कुठलीही घेतली तर काय बिघडलं? खूप बिघडतं.

दिसायला गोष्ट सारखीच आहे, दोन्ही १९७०च्या आसपास अमेरिकेत, पेशंटच्या छातीत साठलेल्या पाण्यातून काढलेल्या. एमसीएफ म्हणजे डेट्रॉइटचं मिशिगन कॅन्सर फाउंडेशन, दुसरी (एमडीए-एमबी-२३१, आम्ही नुसतं २३१ म्हणतो) ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन या कॅन्सर हॉस्पिटलची. पण एमसीएफ-७मधे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, म्हणजे हार्मोनला धरून पेशीला संदेश देणारं प्रथिन, भरपूर आहे आणि २३१ ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेनचा नाही, प्रोजेस्टेरॉनचा नाही, हर-२ हा पेशीला वाढायला सांगणारा रिसेप्टरपण वाढलेला नाही. त्यामुळे इस्ट्रॅडिऑल, म्हणजे इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार, नॅनोमोलरच्याही खाली, म्हणजे अगदी कणभर, घातलं की एमसीएफ-७ भराभर वाढते, २३१ला घातलं काय नि नाही काय, सारखंच.

आता खरी मेहनत एमसीएफ-७चीच असते. माझ्या पहिल्या प्लेटमधे हार्मोन न घातलेल्या वेल (प्लेटमधले पेशी वाढवायचे छोटे खळगे) सुद्धा सहाव्या दिवशी गच्च भरल्या होत्या, मी दोनदा मोजलं, तीच संख्या. कारण मीडियाच्या, म्हणजे पेशी ज्यात वाढवतात त्या द्रावणाच्या, गुलाबी रंगात होतं! तो फिनॉल रेड इस्ट्रोजेनसारखा वागतो हे १९८६ला छापून आलंय, नंतर कळलं की त्यातली भेसळ ते करते. मीडियात घालतात त्या सीरममधे (रक्तातला पाण्यासारखा भाग) तर हार्मोन असतातच, म्हणून ते कोळशाने काढून घ्यायचे आणि मीडिया बिनरंगाचा वापरायचा. बोस्टनला आना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन यांच्या लॅबमधे तर प्लॅस्टिकच्या ट्यूबमधून सुटलेल्या नॉनिलफिनॉल या रसायनाने पेशी वाढल्या होत्या, इतकी ही पेशी हळवी आहे.

मग २३१ कशाला? तर औषध रिसेप्टरवर चाललंय का नुसतं विषारी आहे ते तिच्यामुळे कळतं. टॅमॉक्सिफेन हे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर अडवणारं औषध एक मायक्रोमोलरच्या (हजार नॅनोमोलर) आसपास एमसीएफ-७ला रोखतं, २३१वर फारसा फरक नाही, पण डोस बराच वाढवला की दोन्ही मरायला लागतात आणि ते काही हार्मोनचं काम नव्हे. अमुक काढ्याने ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी मेल्या असं वाचलं की मी आधी पेशी कुठली आणि डोस किती ते बघते, आणि आमच्या प्लेटमधे असं दिसलं तर वरून इस्ट्रॅडिऑल घालते. एमसीएफ-७ परत वाढायला लागली, तर अडवणूक रिसेप्टरवरच होती.