जन्मदाखल्यावरचा कोरा रकाना: महिला फुटबॉल लीगच्या खेळाडू नोंदणीत अर्ज कुठे अडतात

मागच्या हंगामात नोंदणीची मुदत संपायला चार दिवस असताना एक आई मैदानावर आली. हातात साडीच्या दुकानाची कॅरीबॅग, तीत मुलीची सगळी कागदपत्रं. जन्मदाखला होता, त्यावर ग्रामपंचायतीचा शिक्का होता. आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख, सगळं जागच्या जागी. फक्त बाळाच्या नावाचा रकाना कोरा. मुलगी १७ वर्षांची, डाव्या बगलेवर तिच्याइतकं वेगात धावणारं आमच्याकडे दुसरं कोणी नाही. तिची नोंद शेरा मारून परत आली आणि तो हंगाम तिने कठड्याबाहेर उभं राहून पाहिला.

आमच्या क्लबचे फॉर्म काही वर्षं मी भरते आहे. नामंजूर होणाऱ्या दहा नोंदींपैकी खेळामुळे एकही होत नाही, सगळ्या कागदांमुळे होतात. म्हणून ही माहिती लिहिते आहे. सोप्या गोष्टींवर फार वेळ घालवणार नाही.

आधी हे ठरवा, जायचंय कुठे

'नॅशनलचा फॉर्म कुठे मिळतो?' हा प्रश्न दर आठवड्याला येतो. राष्ट्रीय पातळीवर दोन वेगळ्या स्पर्धा आहेत. एक वरिष्ठ महिला राष्ट्रीय अजिंक्यपद, जिच्या करंडकाला आता राजमाता जिजाबाईंचं नाव आहे. ती राज्यांच्या संघांची स्पर्धा. तिच्यासाठी खेळाडूने अर्ज करायचा नसतो. राज्य संघटना, म्हणजे आपल्याकडे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन (विफा), निवड चाचणी घेऊन संघ ठरवते.

दुसरी इंडियन विमेन्स लीग, म्हणजे आयडब्ल्यूएल. ही क्लबांची. पहिला हंगाम २०१७ च्या सुरुवातीला दिल्लीत झाला, सहा संघ होते, त्यात एफसी पुणे सिटीचा महिला संघ होता, आणि विजेतेपद मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने नेलं. पुढे कोल्हापूर सिटी, पणजी फुटबॉलर्स, मुंबईचा पिफा असे आपल्या भागातले संघ वेगवेगळ्या हंगामांत तिथे खेळून आले. २०२३-२४ पासून ही लीग घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर खेळवली जाऊ लागली आणि तिच्याखाली आयडब्ल्यूएल २ ही पायरी आली. नव्या क्लबची वाट राज्याच्या लीगमधून आयडब्ल्यूएल २ मध्ये आणि तिथून वर अशी आहे. खेळाडू एकटी या लीगला अर्ज करूच शकत नाही, तिची नोंद क्लबच करतो. तेव्हा 'इतके पैसे द्या, मुलीला आयडब्ल्यूएलमध्ये उतरवतो' असं सांगणारा कोणी भेटला तर त्याच्या हातात पैसे तर नाहीच, मूळ कागदही देऊ नका. दोन घरांनी दिलेले मी पाहिलेत. एका घरी गाय विकली होती.

कागद कोणते? मोजकेच: जन्मदाखला, आधार किंवा पासपोर्ट, फोटो, तब्येतीचा दाखला, मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर पालकांची लेखी संमती, आणि ती हौशी म्हणून खेळणार की व्यावसायिक करारावर याप्रमाणे त्याचा कागद. क्लब हे सगळं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत चढवतो, तपासणी होते, मंजुरी मिळाली की खेळाडूचा आयडी चालू होतो. यादी एवढीच. पण यातले पहिले दोन कागदच निम्म्या मुलींना घरी बसवतात.

जन्मदाखला

'शाळा सोडल्याचा दाखला आहे की, त्यावर तारीख आहे,' असं पालक म्हणतात. तो चालेल या भरवशावर राहू नका. आपल्याकडे शाळेतल्या किती तारखा खऱ्या असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. गुरुजींनी पहिलीत नाव घालताना १ जून लिहिलं आणि पोरीचा वाढदिवस कायमचा १ जून झाला. संघात सात जणींचा वाढदिवस एकाच दिवशी असला की तपासणाऱ्याच्या भुवया वर जाणारच.

आता तीन प्रकार समजून घ्या. पहिला, वर सांगितलेला: जन्माची नोंद आहे, पण नाव नाही. घरी बारशाला नाव ठेवलं, ते ग्रामपंचायतीत कळवायचं राहिलं. कायद्याप्रमाणे नोंदणीनंतर १२ महिन्यांत नाव फुकट चढवता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पंधरा वर्षं उलटली असतील तरी हात टेकू नका. अशा जुन्या नोंदींसाठी सरकारने वेळोवेळी मुदतवाढ दिली आहे, ती आज चालू आहे का ते जन्म-मृत्यू निबंधकाकडे विचारा, आणि शक्यतो लेखी विचारा. तोंडी विचारलं की 'आता होत नाही' हे उत्तर पटकन मिळतं. नाव चढवताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग तिथेच उभं राहून वाचा. एकदा चढलेलं नाव बदलायला निबंधक सहसा तयार होत नाही.

दुसरा प्रकार: नोंदच नाही. घरी बाळंतपण, नाहीतर ऊसतोडीच्या फडावर जन्म. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. वर्षापेक्षा जास्त उशीर झाला असेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पूर्वी त्यासाठी कोर्टात जावं लागायचं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हे काम जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आलं आहे. आधी जिथे जन्म झाला तिथल्या निबंधकाकडून 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला घ्यायचा, मग प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडून अर्ज. यात महिने जातात, आणि उशिरा केलेल्या नोंदीकडे वयाच्या बाबतीत संशयाने बघितलं जातं हेही खरं. म्हणून हे काम मुलगी बारा-तेरा वर्षांची असतानाच करून टाका, संघात निवड झाल्यावर नाही.

तिसरा प्रकार लिहिताना मला त्रास होतो. वय कमी दाखवणारा दाखला. कुणीतरी 'काका' दोन वर्षं कमी करून आणतो. वयोगटाच्या स्पर्धांमध्ये मनगटाचा एक्सरे काढून हाडांचं वय तपासतात. तिथे सापडली की बंदी मुलीवर येते, काकावर नाही. पोरीचं नाव त्या यादीत जाऊ देऊ नका.

नाव

आपल्या शाळांत आडनाव आधी लिहितात. 'पाटील सायली संजय.' प्रणालीत पहिलं नाव आणि आडनाव असे वेगळे रकाने. घाईत फॉर्म भरायला बसलेला मुलगा जसं दिसतं तसं भरतो आणि खेळाडूचं नाव 'पाटील' होऊन जातं. आधारवर वडिलांचं नाव मधे आहे, जन्मदाखल्यावर नाही. एकीकडे 'सायली'चं इंग्रजी एका आयने, दुसरीकडे दोन ईंनी. या प्रत्येक फरकावर नोंद परत येऊ शकते.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे, तोच बहुतेक जण उलटा करतात. आधी जन्मदाखला बरोबर करून घ्या, मग त्याच्या आधारे आधार. कारण आधारवर नाव फक्त दोनदा बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. एका मुलीच्या वडिलांनी शाळेच्या तारखेप्रमाणे आधार बदलून घेतलं, नंतर जन्मदाखला निघाला तो वेगळ्या तारखेचा. दुसऱ्या बदलासाठी खास प्रकरण म्हणून खेपा घालता घालता त्यांचे आठ दिवसांचे पगार गेले.

लग्न झालेल्या खेळाडूंचं दुखणं वेगळंच. सासरच्यांनी रेशन कार्डासाठी आधारवरचं नाव बदलून घेतलेलं असतं. खेळाडू म्हणून नोंद माहेरच्या नावाने, प्रमाणपत्रं माहेरच्या नावाने, आणि आता ओळखपत्र तिसऱ्याच नावाचं. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असा कोणताही कायदा नाही. खेळत असाल तर बदलू नका, हे मी प्रत्येकीला सांगते. बदललं असेलच तर विवाह नोंदणीचा दाखला आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी, हे दोन्ही हाताशी ठेवा. नाव बदललं म्हणून नवीन नोंद करू नका, जुन्या नोंदीतच दुरुस्ती मागा.

जुना आयडी आणि जुना क्लब

त्याचं कारण असं. एका खेळाडूचा जन्मभर एकच आयडी, तो फिफाच्या प्रणालीशी जोडलेला. मुलगी म्हणते, 'मी कधीच कुठे नोंदवलेली नाही.' मग शोधलं की दिसतं, दहाव्या वर्षी लहान मुलांच्या बेबी लीगमध्ये नाहीतर मुलींच्या अस्मिता लीगमध्ये कुणीतरी तिची नोंद केली होती. दुसरी नोंद केली की दोन्ही अडकतात आणि सोडवायला वेळ जातो. म्हणून आधी विचारा, लहानपणी कुठल्या टी-शर्टात खेळलीस? फोटो असेल तर बघा. शर्टावरच्या नावावरून मी तीन जुने आयडी शोधले आहेत.

जुन्या क्लबकडे नोंद चालू असेल तर बदली लागते, आणि क्लब दुसऱ्या राज्यातला असेल तर आंतरराज्य बदली. सावंतवाडी-बांद्याच्या मुलींनी हे खास लक्षात ठेवावं. म्हापशाचं मैदान घरापासून तासाभरावर असेल, पण गोव्याची संघटना वेगळी, राज्य वेगळं. फिफाचा साधारण नियम असा की एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंद आणि त्यातल्या दोघांसाठीच अधिकृत सामने. 'जिल्हा लीगचा एकच सामना खेळले होते' हाही अधिकृतच धरला जाऊ शकतो.

करारावर सही करताना कोऱ्या जागा राहू देऊ नका आणि प्रत घेतल्याशिवाय उठू नका. अठरा वर्षांच्या आतल्या खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा व्यावसायिक करार करता येत नाही. आणि गरोदर आहे म्हणून क्लबला करार तोडता येत नाही: २०२१ पासून फिफाच्या नियमात किमान १४ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा आहे, पगाराच्या किमान दोन तृतीयांश. हे माहीत नसल्यामुळे मुली स्वतःहून क्लब सोडून जातात. सोडू नका.

शेवटची तारीख

नोंदणी हंगामात ठरावीक काळच उघडी असते. परिपत्रकात तारीख असते, तिचा अर्थ बहुतेक जण 'त्या दिवसापर्यंत भरलं की झालं' असा लावतात. पण मधे तपासणीची पायरी असते. अर्ज परत आला तर दुरुस्तीलाही त्याच मुदतीतले दिवस जातात, वेगळे मिळत नाहीत. शेवटचा दिवस रविवारी आला तर प्रणाली चालू असते, पण शंका सोडवायला फोन उचलणारं कोणी नसतं. शिवाय नोंदणीची मुदत वेगळी आणि स्पर्धेसाठी खेळाडूंची यादी देण्याची मुदत वेगळी. मी वहीत तीन तारखा लिहिते: परिपत्रकातली, तिच्या पंधरा दिवस आधीची आणि यादीची. मधल्या तारखेला आमच्यासाठी मुदत संपलेली असते.

संघटनांनाही एक सांगणं आहे. शेरा 'कागद अयोग्य' एवढाच का? कुठला कागद, त्यातलं काय अयोग्य, हे एका ओळीत लिहिलं तर खेड्यातल्या एका बापाची तालुक्याची एक खेप वाचेल.

क्लबचे स्वतःचे कागद

जिल्हा संघटनेची संलग्नता, पॅन, बँक खातं, हिशेब तपासणी अहवाल, हे सगळ्यांकडे असतं. अडतं ते धर्मादाय आयुक्तांकडे. क्लब संस्था म्हणून नोंदलेला असतो, पण परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या तिथल्या नोंदीवर, अजून वीस वर्षांपूर्वीचे विश्वस्त असतात, त्यातले दोघे वारलेले. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो दिला नाही तर आजच्या अध्यक्षाच्या सहीला कागदावर किंमत नाही. आणि दहा किंवा जास्त जण कामाला असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. २०१३ च्या कायद्यात क्रीडा संस्था आणि स्टेडियम यांचा कामाच्या जागेत स्पष्ट उल्लेख आहे. समितीची अध्यक्ष बाई असते, आणि तिचा फोन नंबर कपडे बदलायच्या खोलीच्या दारामागे लावलेला असावा, ऑफिसातल्या फाईलमध्ये नाही.

त्या १७ वर्षांच्या मुलीच्या दाखल्यावर नाव चढायला पाच महिने लागले. ग्रामसेवक दोनदा बदलले. नवा दाखला घेऊन तिची आई परत आली ती त्याच कॅरीबॅगेतून. मी आधी इंग्रजी स्पेलिंग वाचलं, मग आधारशी ताडून पाहिलं, आणि त्याच संध्याकाळी नोंद चढवली. मुदत संपायला तेव्हा ४१ दिवस होते.