चवथीचं पाकीट बोनसात धरायचं असेल तर…

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी कामगारांच्या हातात रोख पाकीट ठेवायची आपल्या गोव्यातली रीत चांगली आहे. घरी माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट) बांधायची, नेवऱ्या (करंज्या) करायच्या, पैसा तेव्हाच लागतो. अडचण होते नोव्हेंबरमध्ये. मालक म्हणतात, "बोनस चवथीलाच दिला." कामगार म्हणतात, "ती चवथीची भेट." कागदावर काहीच नसतं, आणि पगाराचा हिशेब करणाऱ्या आमचे दोन-तीन दिवस जुनी व्हाउचरं चाळण्यात जातात.

सणाला दिलेली रक्कम बोनसातून वजा करता येते. 1965 च्या बोनस कायद्यात ही सोय होती, 2019 च्या वेतन संहितेतही आहे. पण ती बोनसापोटी दिली आणि कुठल्या वर्षाच्या, हे दिसायला हवं. 31 मार्चला संपलेल्या वर्षाचा बोनस आठ महिन्यांत, म्हणजे 30 नोव्हेंबरपर्यंत द्यायचा असतो. चवथ नेमकी मधे येते. म्हणून "2025-26 च्या बोनसापोटी आगाऊ" एवढी एक ओळ आणि कामगाराची सही घ्या. त्याहून बरं, पाकिटाऐवजी रक्कम बँक खात्यात टाका. संहितेनुसार बोनस खात्यातच जमा करायचा आहे.

"आमच्याकडे माणसं कमी, आम्हाला कसला बोनस?" हे हॉटेल आणि किनाऱ्यावरचे शॅकवाले दर वर्षी विचारतात. पावसात चौदा जण असतील, पण डिसेंबरात एक दिवस जरी वीस झाले, तरी ते वर्ष कायद्यात आलं. सीझनपुरता आलेला मुलगा 30 दिवस कामावर असेल तर त्यालाही त्याच्या कमाईवर बोनस आहे.

दर किमान 8.33 टक्के, जास्तीत जास्त 20. सरसकट महिना 7,000 रुपये पगार धरून हिशेब करू नका. 1965 च्या कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीनं 7,000 किंवा किमान वेतन, यातली मोठी रक्कम ही हिशेबात धरायच्या पगाराची मर्यादा ठरवली होती, आणि गोव्यात किमान वेतन 7,000 च्या बरंच वर आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 12,000 असेल आणि ते मर्यादेत बसत असेल, तर वर्षाचा किमान बोनस 11,995 रुपये होतो.

आम्ही जूनमध्येच हजेरीपट मागतो, ते काहींना जाचक वाटतं. पण तेव्हा मिळाला तर चवथीआधी प्रत्येकाच्या नावाची रक्कम आणि सहीचा तक्ता तुमच्या टेबलावर असतो. आमच्याकडे पगारपत्रक असलेल्यांना त्याचे वेगळे पैसे नाहीत. बाकीच्यांनी मागच्या वर्षाची व्हाउचरं घेऊन एकदा येऊन जावं.