जड पाण्यात बॅक्टेरिया का रेंगाळतात?

जड पाणी म्हटलं की आधी आठवतं ते साबणाला फेस येऊ न देणारं क्षारांचं पाणी, पण हे ते नव्हे. हे खरोखर वजनाने जड असतं, कारण यात साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचाच जड भाऊ ड्युटेरियम असतो. साध्या हायड्रोजनच्या केंद्रात एकटा प्रोटॉन, ड्युटेरियमच्या केंद्रात त्याच्या जोडीला एक न्यूट्रॉन, म्हणजे अणूचं वजन डायरेक्ट दुप्पट! या पाण्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर चक्क बुडतो. समुद्राच्या पाण्यातही हायड्रोजनच्या साधारण ६४०० अणूंमागे एक ड्युटेरियम असतोच, त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

रसायनशास्त्रज्ञ हॅरोल्ड युरी यांनी १९३१ मध्ये ड्युटेरियम शोधला, आणि दोनच वर्षांत दुसरे रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी जवळपास शुद्ध जड पाण्यात तंबाखूचं बी टाकून बघितलं तर ते रुजलंच नाही. मग बॅक्टेरिया तर पटकन मरायला हवेत ना? पण नाही मरत, हीच तर गंमत आहे. ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियाला एकदम अशा पाण्यात टाकलं तर तो बराच वेळ नुसता गप्प बसतो, म्हणून लॅबमध्ये जड पाण्याचं प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात आणि मग तो जवळपास शंभर टक्के जड पाण्यातसुद्धा वाढतो, फक्त हळू.

हळू का, तर कार्बन आणि ड्युटेरियमचा बंध तोडायला थोडी जास्त ऊर्जा लागते, त्यामुळे जिथे हा बंध तुटणं हीच मुख्य पायरी आहे तिथे रिअॅक्शन सहा-सात पट मंदावू शकते. सगळ्याच सारख्या मंदावल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं, पण काही एन्झाइम (पेशीतल्या रिअॅक्शन घडवणारी प्रथिनं) खूप मागे पडतात, काही जेमतेम, आणि पेशीचा सगळा ताळमेळच बिघडतो. शिवाय एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवणारं यंत्र प्रोटॉनच्या प्रवाहावर फिरतं, तिथेही आता दुप्पट वजनाचा गडी. ऑक्सिजन-१८ वालं (ऑक्सिजनचा जड अणू असलेलं) पाणी एवढा त्रास देत नाही, कारण १६ चे १८ म्हणजे फरक जेमतेम बारा टक्के.

याचा उपयोगही मस्त करून घेतलाय. बॅक्टेरियाला थोडं जड पाणी द्यायचं, जो जिवंत असून कामाला लागलाय त्याच्या नव्या रेणूंमध्ये ड्युटेरियम शिरतो आणि रामन स्पेक्ट्रममध्ये (रेणूंवरून विखुरलेल्या लेझर प्रकाशाच्या आलेखात) एरवी रिकाम्या असलेल्या जागी उंचवटा दिसतो. अँटिबायोटिक दिल्यावर तो उंचवटा आलाच नाही तर औषध लागू पडलं, त्यासाठी वसाहती वाढायची वाट बघत बसावं लागत नाही.