शिडावरचा लोकरीचा धागा

नाशिकमध्ये नावेची शर्यत म्हटली की दत्तू भोकनळ आठवतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा खेळाडू 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला आणि रोइंग म्हणजे काय हे जिल्ह्याला कळले. त्यात कोडे काही नाही. वल्ह्याने पाणी मागे लोटायचे, होडी पुढे जाते. शिडाच्या शर्यतीत मात्र कोडेच कोडे. गंगापूर धरणावरच्या बोट क्लबच्या काठाला जूनमधला पश्चिमेचा वारा तोंडावर घेत उभे राहा आणि शेजारच्याला सांगा, की बिनइंजिनाची, बिनवल्ह्याची होडी याच वाऱ्याच्या जोरावर पश्चिमेकडे जाईल. तो हसेल. आपली म्हणसुद्धा वारा पाहून पाठ फिरवायला सांगते. शर्यतीतला पहिला टप्पा बहुतेकदा वाऱ्याच्या तोंडावरच आखलेला असतो.

अगदी नाकासमोरून वारा असेल तर कोणतीच शिडाची होडी जात नाही, हे आधी मान्य करू. वाऱ्याच्या रेषेपासून साधारण 45 अंश वळले की ती चालू लागते. मग 45 अंश डावीकडे, 45 अंश उजवीकडे अशी नागमोडी वाट काढायची. वाऱ्यासमोर एक किलोमीटर सरकायला 1.4 किलोमीटर कापावे लागतात, पण जाता येते.

का जाता येते याचे मोबाइलवर फिरणारे उत्तर असे: शिडाच्या फुगीर बाजूवरून हवेला लांबचा रस्ता पडतो, दोन्हीकडच्या हवेला टोकाला एकाच वेळी पोचायचे असते, म्हणून तिकडची हवा वेगाने धावते, तिचा दाब घटतो आणि शीड तिकडे ओढले जाते. विमानाच्या पंखासाठी हेच शाळेत सांगतात. शीड म्हणजे नुसते कापड. त्याच्या आतल्या-बाहेरच्या बाजूची लांबी सारखीच. मग लांबचा रस्ता कुठला? शिवाय एकाच वेळी पोचायचे असा करार हवेने कुणाशी केलेला नाही. प्रत्यक्षात फुगीर बाजूची हवा आधीच पोचते.

खरे कारण स्वयंपाकघरात दिसते. नळाची बारीक धार सोडा, चमचा दांड्याकडून दोन बोटांत सैल लटकवा आणि त्याची फुगीर पाठ धारेला टेकवा. धार पाठीला चिकटून वळते आणि चमचा धारेकडे ओढला जातो. चमचा धारेला वळवतो, धार चमच्याला ओढते. शीड वाऱ्याला असेच वळवते. बाहेरच्या, म्हणजे आडोशाच्या बाजूला हवा वळणाला चिकटून जाते, तिथे दाब घटतो. वाऱ्याकडच्या बाजूला वाढतो. जोर मिळतो तो वाऱ्याच्या दिशेत नव्हे, जवळपास काटकोनात.

पण हा जोर पुढे कमी आणि आडवा जास्त असतो. ऑलिंपिकमधली आयएलसीए 7 ही एका माणसाची होडी घ्या; लांबी 4.2 मीटर, शीड सुमारे 7 चौरस मीटर. वारा ताशी 18 किलोमीटर, होडी त्याला 45 अंशांवर, वेग ताशी 7. होडी स्वतः वाऱ्यात शिरत असल्याने होडीवरच्या माणसाला वारा ताशी साडेतेवीस किलोमीटरचा लागतो आणि 45 ऐवजी 33 अंशांवरून येतो. धावत्या मोटारसायकलवर बाजूचा वारा समोरून आल्यासारखा वाटतो, तोच प्रकार. ढोबळ हिशोबाने शिडावर 20 किलो वजनाइतका जोर येतो. त्यातला पुढे नेणारा भाग सात-आठ किलोंचा, बाजूला ढकलणारा एकोणीसचा. (बेरीज जमत नाही म्हणून दचकू नका; हे भाग काटकोनात आहेत, पायथागोरस लावा.) नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर असल्याने तेवढ्याच तापमानाला इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ, तेवढ्याच वाऱ्यात जोरही तेवढाच कमी.

ते एकोणीस किलो अडवते होडीच्या पोटातून खाली सोडलेली उभी फळी, डॅगरबोर्ड. पाण्याची घनता हवेच्या जवळपास 900 पट, म्हणून सात चौरस मीटरच्या शिडाला दीड वीत रुंदीची फळी पुरते. होडी चार-पाच अंश बाजूला सरकतेच, आणि सरकल्याशिवाय फळीला जोर धरता येत नाही. सीताफळाची ओली बी अंगठा आणि बोटात दाबा, ती सटकन पुढे उडते. दाबणारी बोटे दोन्ही बाजूंनी आणि बी जाते तिसरीकडेच. एक बोट शीड, दुसरे फळी. फळी वर राहिली तर होडी खेकड्यासारखी आडवी चालते. नवशिक्याकडून हे हमखास होते.

आता तो धागा. शिडाच्या पुढच्या कडेपासून वीतभर मागे, दोन्ही बाजूंना, 15 सेंटिमीटरचे गडद लोकरीचे तुकडे चिकटवतात. एका बाजूचा लाल, दुसरीचा हिरवा, आणि जरा खाली-वर, म्हणजे कापडातून दिसणारी सावली कुठल्या धाग्याची ते कळते. शिवणीजवळ लावू नये, अडकतो. लोकर भिजली की कापडाला चिकटून बसते, म्हणून कुणी जुन्या कॅसेटची टेप लावत. दोन्ही धागे मागे सरळ वाहत असतील तर हवा दोन्हीकडे चिकटून आहे. वाऱ्याकडचा धागा फडफडला तर शीड सैल आहे किंवा होडी वाऱ्यात फार घुसली आहे. शीड ताणायची दोरी थोडी ओढा, नाहीतर सुकाणूचा दांडा फडफडणाऱ्या धाग्याकडे ढकला. आडोशाचा धागा लोळू लागला तर उलटे: शीड जास्त ताणले आहे, हवा वळणावर टिकली नाही, सुटली आणि भोवरे झाले. दोरी सोडा, किंवा दांडा याही वेळी त्याच धाग्याकडे. हाच दुसरा दोष घातक, कारण दिसायला होडी छान दिसते. शीड गच्च, फुगलेले, आणि वेग निम्मा. दोरी जितकी ओढाल तितका वेग, हा समज दोन आण्यांच्या लोकरीने मोडतो. होडीच्या नाकावर लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना हरकत नाही, पण तिच्याकडे पाहून शीड सैल करायचे की ताणायचे ते कळत नाही.

शर्यतीत सुरुवातीच्या रेषेसाठी बावटे लागतात: पाच मिनिटे आधी पहिला, चार मिनिटे आधी दुसरा, एक मिनिट राहिले की दुसरा खाली, शून्याला पहिला खाली. शून्याला रेषेवर नुसते असून उपयोग नाही, वेगात असावे लागते. दोन होड्या समोरासमोर आल्या तर जिच्या उजव्या अंगावर वारा तिचा हक्क, दुसरीने हटायचे.

तलावावर मात्र निकाल बहुधा वारा फिरण्यावर लागतो. दोन होड्या बरोबरीत आहेत, मधे आडवे अंतर 100 मीटर, आणि वारा दहा अंश फिरला. ज्या बाजूला फिरला त्या बाजूची होडी बसल्या जागी 25 मीटर पुढे. भोवती डोंगर असले की वारा दर काही मिनिटांनी असा झोके घेतो. नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शिकली आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आयएलसीए 4 मध्ये (होडी तीच, शीड लहान) रौप्य घेऊन आली. मध्य प्रदेशाला समुद्र नाही.

झोत येताना पाण्यावर बारीक सुरकुत्यांचा काळसर पट्टा सरकत येतो. तो होडीला लागायच्या आत बाहेर झुकून बसायचे, दोरी बोटभर सोडायची, झुकाव आवरला की पुन्हा ओढायची. पट्टा लागल्यावर वाऱ्याकडचा धागा फडफडला तर वारा नाकाकडे फिरला. तो टिकला तर होडी दुसऱ्या बाजूला वळवायची. आडोशाचा लोळला तर वारा सोयीचा झाला, होडीचे नाक वाऱ्याकडे न्यायचे.