रिव्हेटच्या पायथ्याशी

अमेरिकेच्या महामार्गावरचा मालवाहू ट्रेलर म्हणजे 53 फूट लांबीची चालती भिंत. इतकी मोठी भिंत रोज शेकडो मैल फिरणार असेल तर ती कोरी कोण ठेवील? म्हणून तिच्यावर जाहिरात छापलेलं विनाइल, म्हणजे मागून गोंद असलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, चिकटवतात. भिंत सपाट असती तर काम सोपं होतं. पण अनेक ट्रेलरांच्या बाजू अल्युमिनियमचे पत्रे उभ्या खांबांना रिव्हेट मारून केलेल्या असतात, आणि प्रत्येक रिव्हेटचं डोकं पत्र्यावर पुटकुळीसारखं उठून दिसतं. आपल्या जुन्या एसटीच्या अंगावरही अशा रांगा दिसायच्या. गॅरेजात त्यांना ‘रिपीट’ म्हणतात. विनाइल लावणाऱ्याचं कसब पणाला लागतं ते या शेंगदाण्याएवढ्या उंचवट्यांवर.

अडचण मुळात भूमितीची आहे. सपाट पृष्ठभाग कुठेही न ताणता, न आक्रसता घुमटावर बसवता येत नाही, हे कार्ल फ्रीडरिक गाउस यांच्या 1827 सालच्या प्रमेयातून निघतं. मोदक वळणाऱ्यांना ते गाउसशिवायच ठाऊक असतं: उकडीची पारी वर मिटवत आणायची तर कडेचा जास्तीचा घेर कळ्यांमध्ये जिरवावा लागतो. जाहिरातीवर कळ्या चालत नाहीत, म्हणजे विनाइल ताणणं आलं. किती? 12 मिलिमीटर व्यासाचं आणि 3 मिलिमीटर उंचीचं डोकं घ्या. तळाच्या वर्तुळाच्या सव्वापट क्षेत्रफळ त्याच्या घुमटाचं भरतं.

सव्वापट ताण चांगल्या विनाइलला जड नाही. घुमटाच्या माथ्यावर ते सहसा सुटतही नाही, कारण तिथे ताण विनाइलला आत, धातूकडेच दाबतो. खरी लढाई असते पायथ्याशी, डोकं जिथे पत्र्याला टेकतं त्या कोपऱ्यात. तिथला बाक उलटा. ताणलेलं विनाइल तिथे कोपरा सोडून सरळ जाऊ पाहतं, जसा दोन खुंट्यांमध्ये बांधलेला दोर जमिनीचा खड्डा धरत नाही. मागचा गोंद झटक्याला चांगला तोंड देतो, पण मंद, अखंड ओढीपुढे तो घट्ट पाकासारखा हळूहळू सरकतो. काम संपताना सगळं चापूनचोपून बसलेलं दिसतं आणि आठवड्याभराने प्रत्येक रिव्हेटभोवती पोकळ कडं उभं राहतं, ते यामुळे.

ही ओढ येते कुठून हे कळायला विनाइलच्या पोटात शिरावं लागेल. विनाइल म्हणजे पीव्हीसी. मुळात हे कडक प्लास्टिक. आपल्या नळाचे पाइप त्याचेच. ते मऊ झालं 1926 मध्ये. अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ वाल्डो सेमन रबर धातूला चिकटवणारं काहीतरी शोधत होते. त्यासाठी त्यांनी जास्त उत्कलनबिंदूच्या द्रावकात पीव्हीसी तापवून पाहिलं. हवा तो गोंद मिळाला नाही. मिळाला एक लवचीक, रबरासारखा पदार्थ. धातूला चिकटवण्याच्या शोधात हाती लागलेल्या या मऊ पीव्हीसीला आज धातूवर टिकवायला मात्र वेगळा गोंद लागतो, ही गंमतच.

या पदार्थाचे रेणू लांब साखळ्यांचे, एकमेकांत गुंतलेल्या लोकरीसारखे. ताणलं की साखळ्या सरळ होतात, पण सैल गुंताळा हीच त्यांची आवडती अवस्था, म्हणून त्या मागे ओढत राहतात. कारागीर याला विनाइलची ‘मेमरी’ म्हणतात. स्वस्त विनाइल गरम रुळांमधून लाटून काढतात, त्यामुळे त्यात जन्मापासूनच ओढ असते. महागडं विनाइल द्रवरूपात पातळ ओतून भट्टीत भाजतात. त्याला कुणी लाटलेलं नसतं, म्हणून त्यात जुना ताण जवळजवळ नसतो, आणि ते जेमतेम 50 मायक्रॉन जाड असतं. रिव्हेटवर लाटलेलं विनाइल लावून पैसे वाचवणं हा मला तरी घाट्याचाच सौदा वाटतो.

प्रत्यक्ष कामात आधी भोवतालचा सपाट भाग चिकटवून घेतात आणि रिव्हेटवर विनाइलचा छोटा तंबू उभा राहू देतात. आतली हवा निघून जावी म्हणून त्या तंबूला सुईने भोक पाडतात. ही सुई फार महत्त्वाची. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरहून पश्चिमेला निघालेला ट्रेलर डोंगरातल्या आयझेनहावर बोगद्यापाशी सुमारे 3,400 मीटर उंचीवर पोचतो. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो. समुद्रसपाटीला कोंडलेली हवा तिथे दीडपट जागा मागते आणि गोंद आतून उचलते.

मग गरम हवा सोडणाऱ्या हीट गनने तंबू मऊ करून ताठ केसांच्या गोल ब्रशने बाहेरून आत, गोल गोल दाबत नेतात. बरेच जण इथेच थांबतात आणि फसतात. कारण अजून एक तापवणी बाकी असते, तीही विनाइल जागेवर बसल्यानंतर. साधारण 100 अंश सेल्सियसच्या आसपास किंवा किंचित वर नेलं की साखळ्या एकमेकींवरून घसरतात आणि नव्या आकारातच सैलावतात. ओढ बरीचशी विरते. विनाइल आपला सपाट जन्म विसरतं म्हणा ना. एवढं तापमान कशाला, तर ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात गडद रंगाचा पत्रा 70 अंशांपर्यंत सहज तापतो. तुम्ही त्याच्या वर नेऊन ताण आधीच मोडला नसेल, तर ऊन ताणलेल्या साखळ्यांना जाग आणतं आणि त्या मागे खेचू लागतात. अंदाजाने चालत नाही. अनुभवी माणूस हातात इन्फ्रारेड थर्मामीटर ठेवतो.

या सगळ्यावर पाणी फिरवणारी एक गोष्ट मात्र विनाइलमध्ये नसतेच. सैल झालेला रिव्हेट गाडीच्या हादऱ्यांनी पत्र्यावर घासत राहतो आणि अल्युमिनियमची काळी भुकटी बाहेर टाकतो. त्या भुकटीवर लावलेला गोंद भुकटीलाच चिकटतो, पत्र्याला नाही. म्हणून विनाइलची गुंडाळी उलगडण्याआधी कारागीर ट्रेलरच्या कडेने चालत जातो, काळे ओघळ शोधत, आणि ओघळ दिसला की तो रिव्हेट बदलल्याशिवाय पुढे सरकत नाही.